साडेसात मिनिटांचा हिशेब

नोंदवहीत त्या रात्रीच्या चारच ओळी आहेत. २:१० लाइट गेली. २:१० लाइट आली. २:११ मेन ब्रेकर ट्रिप. आणि मग एकदम ३:०२, पंप चालू. मधल्या ५१ मिनिटांचं रात्रपाळीवरच्या काकांनी काही लिहिलेलं नाही. लिहायला ते खुर्चीत होते कुठे? भर पावसात पॅनल रूम आणि डीजी (डिझेल जनरेटर) रूम यांच्यामध्ये पळत होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर मी. अंथरुणात बसून त्यांना सांगतोय, ब्रेकर रिसेट करा काका, परत एकदा करून बघा.

तेवढ्या वेळात संप काठोकाठ भरला आणि ओव्हरफ्लोच्या भिंतीवरून मैलापाणी सरळ नाल्यात गेलं.

पंपिंग स्टेशनच्या हौदाला आम्ही संपच म्हणतो. नवीन भरती झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हा शब्द सारखा कानावर पडून वाटतं, इथे कामगारांचं काहीतरी बिनसलंय. त्या रात्री दोन्ही अर्थ एकदम लागू झाले.

मी त्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर विद्युत विभागात काम करतो. मांडणी साधी आहे. मोठ्या गटारवाहिनीतून आलेलं पाणी जाळीतून गाळून संपात पडतं. तिथून तीन सबमर्सिबल पंप ते सुमारे ११ मीटर वर उचलून पुढच्या टाक्यांकडे लोटतात. प्रत्येक पंप ५५ किलोवॅटचा, तासाला ९०० घनमीटर पाणी देणारा. कोरड्या दिवसांत एक पंप पुरतो, जोराच्या पावसात दोन लागतात, तिसरा राखीव. गटारवाहिनीत पावसाचं पाणी शिरू नये असं कागदावर असतं. प्रत्यक्षात ते प्रत्येक सैल जोडातून आणि प्रत्येक फुटक्या चेंबरमधून शिरतं.

सकाळच्या बैठकीत सगळ्यांचं एकच निदान होतं: पंप कमी पडले, मोठे बसवा. खरं सांगायचं तर मीही मान डोलावली. मोठा पंप ही समजायला सोपी गोष्ट आहे, साहेबांना दाखवता येते, फाइलवर छान दिसते. दोन दिवस मी मोठ्या मोटरचा, जाड केबलचा आणि मोठ्या ट्रान्स्फॉर्मरचा अंदाज काढत होतो. मग जाळीच्या अलीकडच्या फ्लूमवरची (प्रवाह मोजायच्या अरुंद वाटेवरची) त्या रात्रीची प्रवाहाची नोंद हाती आली. सर्वांत जास्त आवक तासाला १,६०० घनमीटर. दोन पंप तासाला १,८०० च्या आसपास उचलतात. जोडीने चालताना थोडं कमी होतं, पण तिसरा होताच की. म्हणजे पंप पुरेसे होते, फक्त चालत नव्हते.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी दुसरा हिशेब मांडला. पंप सुरू होण्याच्या पातळीपासून ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत आमच्या संपात २०० घनमीटर पाणी मावतं. १,६०० च्या आवकेला ही जागा साडेसात मिनिटांत भरते. सगळे पंप बंद पडले की आमच्या हातात एवढाच वेळ.

पुढचं दीड वर्ष मी हा आकडा घेऊन फिरलो. कोणी काहीही सुचवलं की मी विचारायचो, हे साडेसात मिनिटांत होतं का? लोक कंटाळले.

पहिली परीक्षा मी काकांचीच घेतली. म्हणजे त्यांच्या पायांची. कोरड्या दिवशी, लख्ख उजेडात, दोघांनी स्टॉपवॉच लावून ती सगळी कसरत केली. कंट्रोल रूममधून पॅनल रूम, ब्रेकर बघणं, रिसेट करणं, तो न टिकल्यावर डीजी रूम, कुलूप, डीजी सुरू करणं, परत येऊन चेंजओव्हर स्विच फिरवणं, पंप एकेक करून लावणं. ११ मिनिटं. काका दम खात म्हणाले, "साहेब, यात मी तुम्हाला फोन केलेला वेळ धरलेला नाही." त्यामुळे माणसाच्या धावपळीवर अवलंबून असलेला प्रत्येक उपाय तिथेच बाद झाला. यात काकांची चूक काहीच नव्हती. आम्ही त्यांच्यावर असं काम टाकलं होतं जे वेळेत होणं शक्यच नव्हतं.

आता त्या ५१ मिनिटांत नेमकं काय झालं ते सांगतो, कारण ते उलगडायला मला आठवडा लागला. लाइट गेली होती फक्त दोन-तीन सेकंद. तेवढ्यात तिन्ही पंपांचे कॉन्टॅक्टर, म्हणजे पंपाला वीज जोडणारे चुंबकी स्विच, सुटले, जे व्हायलाच हवं. पण पीएलसी, म्हणजे पंपांना हुकूम देणारा छोटा संगणक, यूपीएसवर होता, आणि यूपीएसने आपलं काम इतकं चोख केलं की पीएलसीला लाइट गेल्याचा पत्ताच लागला नाही. पातळी आधीच वर होती, त्यामुळे तिन्ही पंपांना दिलेला "चालू" हा हुकूम तसाच उभा होता. लाइट आली आणि तिन्ही स्टार्टर एकाच क्षणी खटकन बसले.

आमचे स्टार्टर स्टार-डेल्टा पद्धतीचे: मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर उठवायची, काही सेकंदांनी डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर टाकायची. ५५ किलोवॅटची मोटर पूर्ण भाराला साधारण १०० अँपिअर घेते. थेट सुरू केली तर सहा-सात पट ओढते, स्टारमध्ये त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे २०० च्या थोडं वर. तीन मोटरी मिळून सहाशे-साडेसहाशे. आमच्या ३१५ केव्हीए ट्रान्स्फॉर्मरची क्षमता सुमारे ४४० अँपिअर. काही सेकंद हे निभावून जातं. खरी गोम पुढे होती. स्टारवरून डेल्टावर जाताना मोटर क्षणभर सुटते आणि परत जोडली जाते. त्या क्षणी तिच्यात उरलेला व्होल्टेज आणि बाहेरून येणारा व्होल्टेज यांची चाल जुळत नसेल तर करंटची जी उसळी येते, ती थेट सुरू करण्यापेक्षाही मोठी असू शकते. एका मोटरची उसळी ब्रेकरने रोज सोसली होती. त्या रात्री तिन्ही टायमर आठ सेकंदांवर लावलेले होते आणि तिघांची उसळी एकत्र आली. ब्रेकर पडला. काकांनी रिसेट केला, पीएलसीने पुन्हा तिघांना एकदम उठवलं, आठव्या सेकंदाला पुन्हा पडला. असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा करायला सांगणारा मी होतो.

मग डीजी. तो २५० केव्हीएचा, म्हणजे साडेतीनशे अँपिअरच्या आत. त्याच्यावर सहाशे अँपिअरचा धक्का बसला की व्होल्टेज ढासळतो, कॉन्टॅक्टरची कॉइल पकड सोडते, भार जातो, डीजी सावरतो, कॉन्टॅक्टर परत बसतात, परत ढासळतो. फोनवर मला ती टकटक ऐकू येत होती. त्या आवाजाचा अर्थ मला पहिल्या मिनिटाला कळायला हवा होता. तो ३:०० च्या सुमारास कळला. "काका, तिन्ही सिलेक्टर मॅन्युअलवर घ्या, एक पंप लावा, मिनिटभर थांबा, मग दुसरा." ३:०२.

मोठे पंप बसवले असते तर? सुरुवातीचा करंट आणखी वाढला असता, ब्रेकर आणखी लवकर पडला असता, डीजीने जागच्या जागी मान टाकली असती. शिवाय त्याच पाइपमधून जास्त पाणी ढकलायचं तर घर्षणाचा विरोध प्रवाहाच्या जवळपास वर्गाने वाढतो, म्हणजे मोठ्या पंपाच्या ताकदीतला बराच भाग पाइपच गिळतो. साहेबांना हे पटायला एक कागद आणि अर्धा तास पुरला. मला स्वतःला पटायला दोन दिवस लागले होते, ते मी त्यांना सांगितलं नाही.

पहिली दुरुस्ती जवळजवळ फुकटची होती. इनकमरवर, म्हणजे बाहेरची वीज आत घेणाऱ्या मुख्य स्विचवर, व्होल्टेज आणि फेजवर लक्ष ठेवणारा रिले बसवला आणि त्याचा संपर्क पीएलसीला दिला. लाइट गेली की सगळे हुकूम रद्द. आली की पाच सेकंद स्थिर राहिली याची खात्री करायची, मग पहिला पंप, १५ सेकंदांनी दुसरा, आणखी १५ सेकंदांनी तिसरा. आठवड्यात काम झालं. इथे थांबता आलं असतं, आणि थांबावं असं म्हणणारे होतेही. पण तोवर मला एक खोड लागली होती: तिन्ही पंप मिळून कोणकोणत्या एकाच गोष्टीवर टांगलेले आहेत ते शोधत राहायचं. एक बसबार (सगळ्यांना वीज वाटणारी पट्टी), एक कंट्रोल ट्रान्स्फॉर्मर, एक पीएलसी, एक लेव्हल सेन्सर. कागदावर आमच्याकडे राखीव पंप होता, पण त्याचा जीव बाकीच्या दोघांच्याच जिवात अडकलेला होता.

सेन्सरची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी निघाली. आमचा सेन्सर अल्ट्रासॉनिक, वरून आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारा. फेस आला की त्याला पाणी नीट ऐकू येत नाही, हे माहीत होतं. एका दुपारी, एक पंप सुरू असताना, मी त्याची एक तार सहज काढून बघितली. पडद्यावर पातळी शून्य झाली आणि पीएलसीने पंप शांतपणे बंद केला. संप अर्धा भरलेला, पाणी येतंय, आणि यंत्रणा म्हणते हौद रिकामा आहे. हा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो तो मुळी याचसाठी: रिकाम्या हौदालाही ४ मिलिअँपिअर यायला हवेत, म्हणजे तार तुटल्याचा शून्य आणि रिकाम्या हौदाचा शून्य वेगळे ओळखता येतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती सोय वापरलीच नव्हती. किती वर्षं ती तार शाबूत राहिली म्हणून आम्ही वाचलो, कोण जाणे.

नव्या रचनेत दोन सेन्सर घेतले, मुद्दाम वेगवेगळ्या जातीचे. एक रडार, वर टांगलेला. दुसरा दाब मोजणारा, तळाशी बुडवलेला. फेसाने रडार फसला तर दाबाचा फसत नाही, गाळाने दाबाचा बुजला तर रडारला त्याचं काही नाही. दोघांच्या आकड्यांत ठरावीक अंतर पडलं की अलार्म. सिग्नल ३.६ मिलिअँपिअरच्या खाली गेला की तो सेन्सर मेला असं धरायचं आणि दुसऱ्यावर चालायचं. दोन्ही मेले तर एक पंप चालूच ठेवायचा. पंप कोरडा फिरण्याचा धोका मी मांडला, त्यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी तळाशी एक साधा फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता स्विच) लावून तो वाद मिटवला.

आणि तिसरा पंप. या सगळ्या कामात मला विचाराल तर सर्वांत चांगला निर्णय तो, आणि सर्वांत जास्त भांडून घेतलेलाही तोच. पहिल्या दोन पंपांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, दिले. तिसऱ्याला द्यायचा नाही असं ठरवलं. त्याला वेगळा बसबार, स्वतःचा कंट्रोल ट्रान्स्फॉर्मर, मोटर अलगद उठवणारा एक सॉफ्ट स्टार्टर, आणि हुकूम देणारा एक लोंबता फ्लोट. मध्ये पीएलसी नाही, नेटवर्क नाही, पडदा नाही. पाणी ओव्हरफ्लोच्या काठाखाली ६० सेंटिमीटरवर आलं की फ्लोट आडवा होतो, रिले बसतो, पंप सुरू. "एवढं आधुनिकीकरण करायचं आणि त्यात फ्लोट?" असं एका सल्लागाराने बैठकीत विचारलं. मी म्हटलं, पहिले दोन पंप हुशार आहेत, तिसरा अडाणी हवा. हुशार माणसं सगळी एकाच कारणाने चुकतात, अडाणी माणूस चुकला तरी वेगळ्या कारणाने चुकतो. बैठकीत हशा पिकला आणि फ्लोट मंजूर झाला.

पॅनल रूमबद्दल थोडक्यात. जुन्या पॅनलचे कॉन्टॅक्टर उघडले तेव्हा चांदीचे संपर्क काळेठिक्कर होते. मैलापाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड चांदी आणि तांबं दोन्ही खातो. तो पॅनल रूममध्ये येत कुठून होता? संपातून आलेल्या केबलच्या पाइपांतून. त्यांची तोंडं उघडीच होती. त्याच वाटेने पूर आला तर पाणीही आलं असतं. सगळी तोंडं सील केली, नवे पॅनल उंच ओट्यावर घेतले, खोलीत गाळलेली हवा आत ढकलणारा पंखा लावला म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो, आणि व्हीएफडीचे सर्किट बोर्ड संरक्षक लेप दिलेले मागवले. या कामाचं कौतुक कोणी केलं नाही. दिसतच नाही ना काही.

खरा घाम निघाला तो बदलाबदलीत. मैलापाणी काही "आज काम चालू आहे, उद्या या" म्हणून थांबत नाही. जुना पॅनल काढायचा आणि नवा जोडायचा तो पाणी येत असतानाच. आवक सर्वांत कमी असते पहाटे २ ते ५, म्हणून सगळी जोडणी त्या तीन तासांत, एका रात्री एक पंप. शेजारी भाड्याचा डिझेल पंप तयार ठेवलेला. केबल बदलायला संपाच्या झाकणाशी काम होतं, तिथे मात्र मी कोणाचं ऐकलं नाही: गॅस मीटर, ब्लोअर, तिपाई, दोरी आणि वर एक माणूस, याशिवाय कोणी वाकायचंही नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणसं उतरतात.

पहिला व्हीएफडी सुरू झाला आणि मी खुशीत होतो. मोटर अलगद उठली, करंट शंभराच्या आतच राहिला, डीजीलाही काही जाणवलं नाही. मग बायपासची चाचणी. व्हीएफडी बंद पडला तर पंप थेट लाइनवर चालावा म्हणून बायपास ठेवला होता. बायपासवर टाकला, पंप फिरला, आवाज थोडा घोगरा, आणि प्रवाहमापकावर निम्म्याहून कमी पाणी. मोटर उलटी फिरत होती. सेंट्रिफ्यूगल पंपाची गंमत अशी की उलटा फिरला तरी तो थोडंफार पाणी देतोच, त्यामुळे मीटर नसेल तर कळतही नाही. झालं असं होतं: जोडणी करणाऱ्याने व्हीएफडीवर दिशा तपासली, उलटी आली म्हणून मोटरकडच्या दोन तारा बदलल्या (मोटर कुठल्या दिशेने फिरेल ते तिन्ही फेजच्या क्रमावर ठरतं). पण व्हीएफडी बाहेर जो फेजचा क्रम देतो तो त्याचा स्वतःचा असतो, आत कोणत्या क्रमाने आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बायपासला मात्र बाहेरचा क्रमच लागू. व्हीएफडीवर सुलट केलं ते बायपासवर उलट झालं. बायपास कॉन्टॅक्टरकडच्या दोन तारा बदलल्यावर दोन्हीकडे सुलट.

त्या रात्री घरी जाताना अर्ध्या वाटेत माझ्या डोक्यात आलं, तिसरा पंप डीजीवर चालतो तेव्हा? परत फिरलो. फेज सिक्वेन्स मीटर लावला तर डीजीचा क्रम लाइनच्या उलट. म्हणजे माझा लाडका अडाणी पंप लाइट गेल्यावर नेमका उलटा फिरला असता. जुन्या काळापासून डीजी तसाच होता का, हा प्रश्न मी काकांना विचारला. ते म्हणाले, "डीजीवर पाणी कमीच यायचं साहेब, आम्हाला वाटायचं डीजीची ताकद कमी." किती तरी वर्षं!

कपॅसिटर बँकेने वेगळाच हिसका दाखवला. पॉवर फॅक्टरसाठी लावलेले जुने कपॅसिटर दुसरा व्हीएफडी सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत गरम होऊ लागले, त्यातले दोन फुगले. सहा-पल्स व्हीएफडी पाचवी, सातवी, अकरावी, तेरावी अशा हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या तितक्या पटीतल्या लहरी, लाइनवर टाकतो आणि रिअॅक्टर न जोडलेले कपॅसिटर त्या आपल्याकडे ओढून घेतात. ७ टक्क्यांचे रिअॅक्टर (कॉइल) जोडून बँक १८९ हर्ट्झला ट्यून केली, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या, २५० हर्ट्झच्या, खाली. डीजीवर असताना बँक आपोआप बाजूला होते. हे आधीच करायला हवं होतं, माझ्या यादीत होतं, खालच्या ओळीत राहून गेलं.

आता माझी स्वतःची चूक, जी सांगायला जास्त जड जाते. व्हीएफडी आले की सगळ्यांना वीज वाचवायची घाई होते. वेग ८० टक्के केला तर शक्ती निम्म्यावर येते, वेगाच्या घनाचा नियम, सगळ्यांना पाठ. मीही कमीत कमी वेग ३० हर्ट्झ ठेवला. पण तो नियम पाणी उंच चढवायचं नसेल तेव्हा सरळ लागतो. आमच्याकडे ११ मीटरची स्थिर चढण आहे. पंप ५० हर्ट्झवर, व्हॉल्व्ह बंद असताना, २२ मीटरचा दाब देतो, आणि दाब वेगाच्या वर्गाने घटतो. ११ मीटर म्हणजे बरोबर निम्मा, तो येतो साधारण ३५ हर्ट्झला. त्याच्या खाली पंप कितीही फिरला तरी थेंब चढत नाही. रात्री आवक कमी झाली की पंप ३६ हर्ट्झच्या आसपास रेंगाळायचा, एनआरव्हीची (पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची) पाकळी अर्धवट उघडून खटखट वाजायची, आणि चिंध्या, केस, पिशव्या इंपेलरला, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या चाकाला, आरामात गुंडाळत बसायच्या. महिन्याभरात एक पंप तीनदा जाम. प्रत्येक घनमीटरमागे वीज पूर्वीपेक्षा जास्त लागत होती, हे हिशेब केल्यावर कळलं. मग किमान वेग ४० हर्ट्झ केला, त्याहून कमी लागला तर पंप बंद करून संप थोडा भरू द्यायचा. शिवाय दिवसातून एकदा पूर्ण वेगाने संप तळापर्यंत उपसायचा, म्हणजे पाइपात बसलेला गाळ आणि वरची साय दोन्ही निघून जातात. सुरू करताना थोडा वेळ उलटं फिरवून चिंध्या सोडवायची सोय व्हीएफडीत होतीच, ती चालू केली.

सगळं जोडून झाल्यावर मी एक मागणी केली जी कोणालाच आवडली नाही: लाइट खरोखर घालवायची. सिम्युलेशन नको, पडद्यावरचं बटण नको, मेन इनकमर हाताने खाली ओढायचा, तोही संप भरलेला असताना. कोरड्या दिवशी पंप थांबवून पाणी वर येऊ दिलं, डिझेल पंप शेजारी उभा, आणि काकांनी हँडल ओढलं. खोलीतले दिवे गेले. डीजी १२ व्या सेकंदाला पूर्ण व्होल्टेजवर आला, चेंजओव्हर आपोआप झाला, पाच सेकंदांची खात्री, पहिला पंप, मग दुसरा. दुसरा पंप पूर्ण वेगाला पोचला तेव्हा स्टॉपवॉचवर ४८ सेकंद होते. मग पीएलसीची वीज काढून तीच चाचणी. पाणी चढत गेलं, फ्लोट आडवा झाला, आणि तिसरा पंप कोणाला न विचारता सुरू झाला. सल्लागार हसले. मी हसलो नाही, कारण मी प्रवाहमापकाकडे बघत होतो. आकडा पूर्ण होता, म्हणजे दिशा बरोबर होती.

पुढच्या पावसात ती वेळ आली. रात्री १:३५ ला लाइट गेली आणि ४० मिनिटं आली नाही. मी झोपेत होतो, कोणी फोन केला नाही. सकाळी संगणकातली नोंद बघितली: पहिला पंप २० व्या सेकंदाला, दुसरा ३५ व्या, पातळी ओव्हरफ्लोच्या काठाखाली सव्वा मीटरच्या वर गेलीच नाही. काका तरीही टॉर्च घेऊन भिंतीपर्यंत जाऊन आले होते. काठ कोरडा आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना खुर्चीत बसवेना.

नोंदवहीत त्यांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. १:३५ लाइट गेली. १:३६ दोन पंप चालू. तिसरी ओळ सकाळी सहाची: "तीन नंबरचा फ्लोट उघडून बघितला. चिंध्या गुंडाळल्या होत्या. वर उचलत नव्हता. साफ केला."

ती ओळ मी दोनदा वाचली. मग बाहेर जाऊन तो फ्लोट बघितला. जाळीतून सुटून आलेल्या चिंध्या नेमक्या आवकेच्या तोंडासमोर फिरतात, आणि जागा मीच निवडली होती. दुपारपर्यंत तो समोरच्या कोपऱ्यात, पाइपाच्या आडोशाला हलवला आणि शेजारी दुसरा टांगला. दर सोमवारी दोन्ही काठीने उचलून पंप सुरू होतो का बघायचं, हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर काकांनीच लाल शाईत लिहून ठेवलंय.